गाडी खळखळली, किंचाळली, फुसफुसली तर? तुर्भ्याला जाणाऱ्या पिकअपच्या कूलिंगचे आवाज ओळखा



आजचा संदेश पिकाचा नाही, गाडीचा आहे. टोमॅटो, मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर घेऊन आपल्या सभासदांच्या पिकअप आणि छोटे हत्ती रोज रात्री तुर्भ्याच्या भाजीपाला बाजाराकडे निघतात. माल पहाटेच्या आत गाळ्यावर लागला तर भाव हातात असतो, उशीर झाला तर मिळेल तो दर घ्यावा लागतो. रस्त्यात गाडी उकळली तर गाडीबरोबर मालाचेही नुकसान होते. संदेश थोडा मोठा आहे. सवडीने वाचा, जपून ठेवा आणि गाडी चालवणाऱ्याला नक्की वाचून दाखवा.

*हे का सांगतोय?*

आपल्या एका सभासदाच्या पिकअपमध्ये तीन खेपा डॅशबोर्डच्या आतून खळखळ ऐकू येत होती. ओढ्याचं पाणी वाहावं तसा आवाज. टेम्परेचरचा काटा जागेवर होता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. चौथ्या खेपेला माल उतरवून परत येताना घाटाच्या चढाला गाडी उकळली. काटा तेव्हाही लाल रेषेला पोहोचला नव्हता. सोबतच्या मुलाने घाईत रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि वाफेने त्याचा हात भाजला. इंजिनाचं हेड वाकलं, गॅस्केट गेलं, गाडी ओढून आणावी लागली. दुसऱ्या दिवशीसाठी काढून ठेवलेली कोथिंबीर शेडमध्येच पिवळी पडली.

गॅरेजमध्ये कारण काय निघालं? होज पाईपची एक सैल क्लिप. तिथून थेंब थेंब कूलंट जात होता आणि त्या जागी हवा शिरत होती. आवाज तेच सांगत होता.

*काट्याआधी आवाज का येतो?*

काट्याचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट कमी होऊन सेन्सर हवेत किंवा वाफेत उघडा पडला, तर तो खरी उष्णता पकडत नाही. इंजिन भाजत असतं आणि काटा मध्येच उभा असतो. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असा बसवलेला असतो, तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून काटा बघाच, पण कानही उघडे ठेवा.

*यंत्रणा थोडक्यात*

वॉटर पंप कूलंट इंजिनात फिरवतो. इंजिनाची उष्णता घेऊन तो रेडिएटरमध्ये येतो, तिथे वारा आणि पंखा त्याला थंड करतात. मध्ये थर्मोस्टॅट असतो. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तो उघडतो, तोवर कूलंट इंजिनातच फिरतो. रेडिएटरचं झाकण हे साधं बूच नाही. ते आत दाब धरून ठेवतं. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी जास्त तापमानाला उकळतं, तसंच इथेही होतं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण आत सुमारे १ बार जादा दाब असेल तर ते १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की दाब गेला, आणि पाणी लवकर उकळू लागलं.

आता एकेक आवाज घेऊ.

*१) खळखळ, बुडबुड (डॅशबोर्डच्या मागून किंवा रेडिएटरमधून)*

अर्थ: आत हवा आहे. विहिरीवरची मोटर हवा धरते तेव्हा ती फिरते, पण पाणी फेकत नाही. गाडीच्या पंपाचंही तेच होतं.

काय करावं: इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे शक्यतो सकाळी पहिल्यांदा चालू करण्याआधी, रिझर्व्ह बाटलीतली पातळी बघा. झाकण उघडून रेडिएटरही काठोकाठ आहे का ते बघा. कमी असेल तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. कूलंट गेला कुठे ते शोधा: होजच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे, वॉटर पंपाच्या खालची बाजू, गाडीखालची फरशी. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग दिसतो.

हवा काढायची पद्धत: गाडीचं नाक थोडं वर राहील अशी चढावर लावा. हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. हीटर असेल तर त्याचा खटका पूर्ण गरमवर ठेवा. थंड इंजिनावर झाकण काढून कूलंट सावकाश भरा. झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू करा आणि रेस न करता चालू द्या. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तसतसा कूलंट घाला. या वेळी तोंड आणि हात झाकणाच्या वर धरू नका. पातळी स्थिर झाली की झाकण घट्ट लावा. मग चालू इंजिनावर वरचा मोठा होज गरम होऊ लागतो. तो झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. एक फेरी मारा, गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि पातळी पुन्हा बघा. काही गाड्यांत हवा काढायला वेगळा स्क्रू असतो, काहींत कूलंट दाबाच्या बाटलीतूनच भरतात. आपल्या गाडीचं पुस्तक बघा किंवा मेकॅनिकला विचारा.

सावधान: कितीही वेळ हवा काढली तरी बुडबुडे थांबत नाहीत, गार इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच होज दगडासारखा कडक होतो, सायलेन्सरमधून सतत पांढरी वाफ येते किंवा ऑइलची पट्टी दुधाच्या चहासारख्या रंगाची निघते, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या. अशी गाडी घेऊन घाटात जाऊ नका. माल दुसऱ्या गाडीत चढवा.

*२) फुस्स, सुस्स*

अर्थ: दाब कुठून तरी बाहेर पडतोय. झाकणाचं रबर, होजला पडलेलं बारीक भोक किंवा रेडिएटरचा सांधा. गळती गरम लोखंडावर पडत असेल तर तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज येतो आणि गोडसर वास येतो.

काय करावं: इंजिन बंद करून लांबूनच बघा, वाफ कुठून येते ते लक्षात ठेवा. थंड झाल्यावर तिथे पांढरा किंवा हिरवट वाळलेला डाग सापडतो. झाकणाचं रबर कडक झालं असेल, तडे गेले असतील, तर झाकण बदला. नवीन घेताना त्यावर छापलेला दाबाचा आकडा (०.९, १.१ वगैरे) जुन्याशी जुळवून घ्या. "कुठलंही बसतं" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. होज दाबून बघा. लिबलिबीत, फुगलेला किंवा तडकलेला होज बदलायचाच. त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून घर गाठता येईल, पुढची खेप मारता येणार नाही.

*३) किंचाळणं, ची-ची*

अर्थ: बेल्ट. बऱ्याच पिकअपमध्ये एकच बेल्ट वॉटर पंप आणि अल्टरनेटर दोन्ही फिरवतो. तो सैल झाला, गुळगुळीत झाला किंवा पुली वाकडी असली की गाडी सुरू करताना किंवा रेस देताना किंचाळते.

कसं ओळखायचं: इंजिन चालू असताना स्वच्छ बाटलीने लांबून बेल्टवर थोडं साधं पाणी शिंपडा. आवाज लगेच थांबला आणि थोड्या वेळाने परत आला, तर पुली सरळ रेषेत नाही किंवा बेल्टचा पृष्ठभाग खराब आहे. पाण्याने आवाज वाढला, तर बेल्ट सैल असून घसरतोय. हे करताना उपरणं, टॉवेल, ओढणी, सैल बाही बेल्टजवळ नको. एवढीशी चूक हात घेऊन जाते.

काय करावं: इंजिन बंद करून बेल्टची आतली बाजू बघा. तडे, सुटलेले धागे किंवा काचेसारखी चकाकी दिसली तर बदला. जुन्या पद्धतीचा बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण १ सेंटीमीटर दबला पाहिजे. गाडीच्या पुस्तकात वेगळं माप असेल तर तेच खरं. जास्त ताणलेला बेल्ट पंपाचं बेअरिंग खातो, म्हणून "करकचून आवळ" असं सांगू नका.

लक्षात ठेवा: चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ काटा चढू लागला, तर बेल्ट तुटला आहे. पुढच्या ढाब्यापर्यंतही जाऊ नका, तिथेच बाजूला घ्या.

*४) घरघर, रगडल्याचा आवाज*

अर्थ: वॉटर पंपाचं बेअरिंग. रिकाम्या जात्यासारखी घरघर येते आणि रेसबरोबर वाढते.

कसं ओळखायचं: इंजिन बंद. पंपाची पुली हाताने पुढे-मागे हलवून बघा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. त्यातून कूलंट ठिबकत असेल तर आतलं सील गेलंय. ते भोक कंपनीने इशारा मिळावा म्हणूनच ठेवलेलं असतं. एम-सील लावून बुजवू नका. पंप बदलणं हाच उपाय आहे. काही गाड्यांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. तिथे पंप जाम झाला तर टायमिंग बेल्ट तुटून इंजिनच मोडू शकतं. अशा गाडीत घरघर आली तर त्याच आठवड्यात मेकॅनिककडे न्या.

*५) खर्र-खर्र, फडफड, आणि पंख्याचं गप्प बसणं*

पंखा कव्हरला घासत असेल तर खर्र-खर्र येतं. इंजिनाचे फाउंडेशन रबर बसले की असं होतं. पातं तडकलं असेल तर फडफड आणि थरथर येते. तडकलेला पंखा तसाच चालवू नका, पातं सुटून रेडिएटर फाडतं.

इलेक्ट्रिक पंख्याच्या गाडीत उलटं आहे. तिथे आवाज न येणं हाच रोग. गाडी उभी, इंजिन चालू, काटा चढतोय आणि पंखा गप्प आहे, तर फ्यूज, रिले, वायर किंवा मोटर बघा. हा पंखा चावी काढल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून गरम गाडीत त्यात बोट घालू नका.

*६) किटलीसारखी टकटक, गदगद*

अर्थ: आत कुठेतरी पाणी उकळतंय. बहुतेक वेळा कारण म्हणजे क्षार. बोअरच्या पाण्याने आपल्या ठिबकचे ड्रिपर कसे पांढरे होऊन बंद पडतात ते आपण बघतोच. तेच पाणी वर्षभर रेडिएटरमध्ये घातलं तर त्याच्या बारीक नळ्यांचं तेच होतं. फरक एवढाच की ठिबकच्या नळीत ॲसिड सोडता येतं, गाडीत तसलं काही करायचं नाही. मेकॅनिककडून रेडिएटर आणि इंजिन फ्लश करून घ्या आणि योग्य कूलंट भरा.

कूलंट दोन प्रकारे मिळतो. तयार कूलंट तसाच घालायचा, त्यात पाणी मिसळायचं नाही. घट्ट कूलंट असेल तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे, बहुतेक वेळा निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळून. रंग सारखा म्हणजे कूलंट सारखा असं नसतं, वेगवेगळे प्रकार एकत्र करू नका.

आणखी एक. "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील" असा सल्ला सर्रास मिळतो. तसं करू नका. इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त खातं, झीज वाढते आणि मूळ रोग तसाच राहतो. थर्मोस्टॅट अडकत असेल तर नवा बसवा.

*हे आवाज काळजीचे नाहीत*

गाडी बंद केल्यावर लोखंड थंड होताना येणारी टिक-टिक. बंद केल्यावर इलेक्ट्रिक पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरणं. गार इंजिन सुरू केल्यावर काही गाड्यांत पंख्याचा घों-घों आवाज थोडा वेळ येऊन आपोआप कमी होणं. तो कमी झालाच नाही तर मात्र दाखवा.

*तुर्भ्याची वाट आणि गाडीचा ताप*

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागातून गाड्या दोन वाटांनी जातात. एक माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण, शिळफाटा, महापे मार्गे. दुसरी चाकण, तळेगाव, लोणावळा, खोपोली, पनवेल मार्गे. दोन्ही वाटांवर भरलेली गाडी घाट उतरते आणि परतीला घाट चढते. म्हणून गाडी बहुतेक वेळा दोनच ठिकाणी तापते.

पहिलं ठिकाण: शिळफाट्याची कोंडी आणि बाजाराच्या गेटबाहेरची रांग. गाडी उभी, वारा नाही, सगळा भार पंख्यावर. रांग हलत नसेल तर इंजिन बंद ठेवा. काटा चढायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर सोडा. आपल्याला घाम येईल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडेल.

दुसरं ठिकाण: परतीचा घाट. रिकामे क्रेट आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. खत, पेंड किंवा दुसऱ्याचं भाडं भरून येणाऱ्या गाड्या जास्त तापतात. बाजारात पंधरा-वीस मिनिटं रांगेत असताना बोनेटकडे कान द्या. आवाज वेगळा वाटला तर पनवेलच्या अलीकडेच गाडी दाखवा. घाटात अंधारात बोनेट उघडून उभं राहण्यापेक्षा इथे तासभर गेलेला परवडतो. चढाला खालच्या गिअरमध्ये, इंजिन न गुदमरवता चला.

पुढच्या जाळीवर बॅनर, गोणपाट किंवा ताडपत्री बांधू नका, वारा अडतो. रेडिएटरच्या पाकळ्यांत भुसा, किडे, माती बसलेली असते. गार गाडीवर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या पाण्याने धुवा. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पाकळ्या वाकतात.

*गाडी उकळलीच तर*

१. बाजूला घ्या, चारही इंडिकेटर लावा, मागे लांबवर त्रिकोण ठेवा.
२. इंजिन बंद करा. वाफ येत असेल तर बोनेट लगेच उघडू नका.
३. झाकणाला हात लावू नका. निदान ४५ मिनिटं थांबा. वरचा होज हाताला गार आणि मऊ लागला तरच जाड गोणपाट धरून झाकण आधी थोडं फिरवा, उरलेला दाब जाऊ द्या, मग काढा.
४. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकतं.
५. कूलंट नसेल तर वेळ निभावायला पिण्याचं स्वच्छ पाणी चालेल. घरी आल्यावर ते काढून कूलंट भरा.
६. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, तातडीच्या प्रसंगी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.
७. कुणी भाजलं तर भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. दवाखान्यात न्या.

माल नाशवंत असेल तर गाडी बंद पडताच आधी संकलन केंद्राला फोन करा. त्याच वाटेवर मागून येणारी आपल्या सभासदाची गाडी असेल तर माल त्यात हलवता येतो. "बघू, थोडं थांबून निघू" म्हणत दोन तास घालवू नका.

*गोठा आणि कूलंट*

कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असतो. जुना कूलंट अंगणात, गोठ्याजवळ किंवा हौदाशेजारी ओतू नका. कुत्रं, वासरू चाटतं आणि दगावतं. रिकामा डबा दूध, तेल किंवा पाण्यासाठी वापरू नका. लहान मुलांपासून लांब ठेवा. जुना कूलंट बंद डब्यात गॅरेजला द्या.

*आठवड्यातून ५ मिनिटं*

दर रविवारी, गार गाडीवर: बाटलीतली पातळी, होज आणि क्लिपा, बेल्ट, गाडीखालचे डाग. मग इंजिन सुरू करून एक मिनिट नुसतं ऐका, रेडिओ बंद ठेवून. रोजचा आवाज कानात बसला की बदललेला आवाज लगेच कळतो.

आवाज ओळखता येत नसेल तर बोनेट उघडून, पंख्यापासून लांब उभं राहून २० सेकंदांचं रेकॉर्डिंग करा. गाडी कोणती, आवाज गार असताना येतो की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत की चढाला, एवढं सोबत लिहून याच नंबरवर पाठवा. केंद्रावर येणाऱ्या मेकॅनिकला ते ऐकवून उत्तर कळवू. मात्र पातळी रोज कमी होत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल तर उत्तराची वाट बघू नका, गाडी उभी करा.

ज्या मुलाचा हात भाजला तो आता बरा आहे. पण ती क्लिप वेळेत आवळली असती तर काहीच झालं नसतं. आज रात्री ज्यांची गाडी निघणार आहे त्यांनी निघण्याआधी एकदा बोनेट उघडून बघा.

आपला माल वेळेत पोहोचो आणि आपली माणसं सुखरूप घरी येवोत.


वाहतूक व संकलन विभाग
आपली शेतकरी उत्पादक कंपनी